त्या रकान्यात ‘नाही’ लिहू नकोस

चिरंजीव लेकरास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास आणि चहा तसाच ठेवून गेलास. काकूने दोनदा विचारलं, पोराला काय झालं म्हणून. साक्षांकन नमुन्याची, म्हणजे नोकरीआधी चारित्र्य तपासायला भरून घेतात त्या फॉर्मची, घडी उलगडायचास, परत घालायचास आणि एकच विचारायचास, “काका, माझ्यावरच्या केसचं लिहू का नको?” मी गप्प बसलो, कारण तेव्हा तोंड उघडलं असतं तर रागच बाहेर पडला असता. आता सांगतो. लिही. ‘होय’ लिही.

सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला मी धीर द्यायची गरज नाही. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला आडवा झालास, ढकलाढकली झाली, शिव्या झाल्या, आणि नव्या न्याय संहितेची १२६(२), ११५(२), ३५२ ही कलमं लागली. अडवणूक, मारहाण, शिवीगाळ. १ जुलै २०२४ च्या आधी हीच ३४१, ३२३, ५०४ होती. मला तोंडपाठ आहेत, कारण माझ्यावरही तीच होती.

नमुन्यात विचारलंय, आपल्याविरुद्ध कधी गुन्हा नोंदवला गेला आहे काय. त्यातला ‘कधी’ वाच. मी वाचला नव्हता. १९९९ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, २००१ ला पाणंदीवरून केस झाली, दीड वर्षात कोर्टात आपसात मिटली. वकील म्हणाले, मिटली म्हणजे संपली, आता नाव काढू नका. २००४ ला राखीव जागेतून एका कार्यालयात पहारेकरी म्हणून लागलो, तेव्हा त्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. सात महिन्यांनी चारित्र्य पडताळणीचा अहवाल आला आणि मला घरी पाठवलं. पत्रात भांडणाबद्दल एक ओळ नव्हती. माहिती दडवली, एवढंच होतं.

आजही माझं म्हणणं आहे की मी खोटारडा नव्हतो. तडजोड झाली की कायदाही माणसाला निर्दोष सुटला असंच धरतो, मग मी स्वतःला आरोपी कशाला म्हणवून घेऊ? हे मी तीन अर्जांत लिहिलं. लोक म्हणाले हट्टी आहे. असेन. पण आयुष्यभर इमानाने पहारा दिलेल्या माणसाला ‘दडवली’ हा शब्द किती लागतो, ते तुला तरी कळेल. आधी ते पत्र मागे घ्या म्हणून मी अडून बसलो, सहा वर्षं दुसरी नोकरी धरली नाही. त्या सहा वर्षांत दोन म्हशी विकल्या आणि मोठीचं डी.एड. राहिलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. अजून रात्री-अपरात्री तेच आठवतं आणि उठून बसतो. म्हणून सांगतो, लिही.

चौकीवर तार तुटलेली असताना ‘सब ठीक’ सांगणारा शिपाई तू सहन केला असतास का? रकान्यातलं ते ‘नाही’ तसलंच ‘सब ठीक’ आहे.

२०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडून ठेवलंय. विचारलेली माहिती खरी द्यावी, काही दडवू नये. किरकोळ केस चालू असेल आणि उमेदवाराने ती आपणहून सांगितली असेल, तर निकालाच्या अधीन ठेवून नेमणूक देता येते. पण घ्यायचं की नाही हे शेवटी नोकरी देणाराच ठरवतो. त्यामुळे खरं लिहिलंस की नोकरी पक्की, असं मी म्हणत नाही. माझ्या ओळखीत जिंतूरकडच्या एकाला मिळाली, पाच महिने उशिरा. वसमतच्या एकाला नाही मिळाली. पण त्याच्या कागदावर ‘दडवली’ हा शब्द नव्हता, म्हणून तो दुसरीकडे लागला. खासगी रखवालदारीत जाईन म्हणतोस, तर तिथेही २००५ च्या कायद्याने पूर्वचारित्र्य तपासतात. त्याच कायद्यात माजी सैनिकाला प्राधान्य देता येतं, हेही ध्यानात ठेव.

तुझा तो मित्र म्हणतो, गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. अरे बाबा, मोकळा कुठला? कबुली दिलीस की कोर्ट दोषी ठरवणार, आणि ते जन्मभर नावापुढे राहणार. ही तिन्ही कलमं आपसात मिटवता येतात. फिर्यादी राजी झाला की कोर्टात अर्ज द्यायचा, नाहीतर लोकअदालतीत प्रकरण ठेवायचं. हुकमाची नक्कल काढ, तिला लॅमिनेशन करू नकोस. आणि मिटल्यावरही रकान्यात ‘होय’च. खाली पोलिस ठाणं, गुन्हा नंबर, कलमं, केस नंबर आणि आजची स्थिती, सगळं स्वच्छ अक्षरात.

फिर्यादी म्हणजे तुझा चुलतभाऊ. त्याच्या दारात जायला तुला कमीपणा वाटतो. कामून? माझ्या वेळी मी गेलो नव्हतो, माझी आई गेली होती. पदर पसरून आली. त्याची लाज मला अजून वाटते. तू तुझ्या आईला पाठवू नकोस, स्वतः जा.

वकिलाला पैसे नाहीत हे कारण मला सांगू नकोस. २६ जुलै २०२५ ला, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली. सैनिक कल्याणाच्या कार्यालयांतूनच सैनिकांना, माजी सैनिकांना आणि घरच्यांना कायद्याची मदत मिळावी, असं त्यात आहे. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचार. तिथे जमलं नाही तर कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. राज्यात गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के जागा आपल्यासाठी आहेत, एका फॉर्मवर जीव टाकून बसू नकोस. मेस्को म्हणजे माजी सैनिकांचं महामंडळ, तिकडेही नाव नोंदव.

अमेरिकेत बफेलो शहरात न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांनी २००८ मध्ये माजी सैनिकांसाठी वेगळं कोर्ट सुरू केलं. तिथे आरोपीच्या सोबतीला दुसरा माजी सैनिक देतात. तो तारखेला येतो, उपचार चुकू देत नाही, कामाधंद्याचं विचारत राहतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पेपर हातात धरून बसलो होतो. २००१ ला तारखेच्या दिवशी माझ्या शेजारी बाकावर कुणीच नव्हतं. आपल्याकडे तसं कोर्ट नाही, पण बाकावर येऊन बसायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

गुरुवारी सकाळी दहाला सेलूच्या स्टँडवर ये. डिस्चार्ज बुक, एफआयआरची प्रत आणि तो नमुना आण. रकाना तू स्वतःच्या हाताने भरायचा, मी फक्त वाचून बघणार. मग तिथूनच दोघं कोर्टात जाऊ, तुझी पुढची तारीख पक्की विचारून घेऊ. काकू धपाटे बांधून देणार आहे, तेव्हा घरून खाऊन येऊ नकोस.

तुझा,
काका