साताऱ्याहून प्रशिक्षणासाठी कॅलिफोर्नियात आलोय. सेस्ना 172 या चार आसनी छोट्या विमानाने लास व्हेगासला जाताना मोहावी वाळवंटातल्या डॅगेटला इंधनासाठी थांबावं का?

हो, जरूर थांबा, फक्त उन्हाळ्यात सकाळी लवकर उतरून ऊन चढायच्या आत तिथून निघा. विमानतळाची उंची जेमतेम 1,930 फूट आणि धावपट्टीही भरपूर लांब आहे. खरी अडचण उष्णतेची. तापलेली हवा विरळ होते, मग पंख, प्रोपेलर आणि इंजिन, तिघांचाही जोर घटतो. ठोकताळा असा: त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा (त्या उंचीला गृहीत धरलेल्या तापमानापेक्षा) जितके अंश सेल्सियस जास्त, तितके वेळा 120 फूट विमानतळाच्या उंचीत वाढवा. डॅगेटला प्रमाण तापमान साधारण 11 अंश. दुपारी पारा 40 वर गेला की विमानाच्या लेखी तुम्ही 5,400 फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही उंच. मी मूळची कराडची, इकडेच विमान उडवायला शिकवते. विद्यार्थ्यांना हे गणित पंपावर नळी हातात घेण्याआधीच करायला लावते, कारण टाक्या काठोकाठ भरून चौघं बसलात तर चढाई फारच मंदावते. विमानाच्या पुस्तिकेतला तक्ता बघून वजन ठरवा आणि उड्डाणाआधी इंजिनात जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण पातळ (इंधन कमी) करायला विसरू नका.

एक मात्र आहे. अशा ठिकाणी पंप बंद असू शकतो आणि विचारायला माणूसही नसतो. निघण्याआधी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचा, फोन करा. पंप बंद निघाला तरी पुढचा विमानतळ गाठून वर तासभराचं इंधन उरायला हवं. नियमात दिवसा अर्धा तास चालतो, पण वाळवंटात तेवढ्यावर भिस्त ठेवू नका.