खाजगी शाळेतून पब्लिक हायस्कूलमध्ये जाताना

टेक्सासमध्ये मुलाला खाजगी शाळेतून पब्लिक (सरकारी) हायस्कूलमध्ये घालायचा नववीच्या आधीच विचार करताय, हे फार चांगलं. टेक्सासच्या 1997च्या कायद्याने इयत्तेतल्या वरच्या 10 टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिन) मात्र 2026च्या फॉल सत्रापासून ही मर्यादा 5 टक्के आहे. इयत्तेत 600 मुलं असतील तर पहिल्या तिसांत यायला हवं. बऱ्याच खाजगी शाळा रँक (इयत्तेतला क्रमांक) देतच नाहीत, म्हणून पालक शाळा बदलतात. पण नावाजलेल्या सबर्बन (उपनगरातल्या) शाळेत तिसावा नंबर खूप कठीण, हे आधी मान्य करा.

सुरुवातीला एवढंच करा:

- स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटवर 'ईआयसी लोकल' (EIC LOCAL) हे रँकचं धोरण शोधा. रँकमध्ये कोणते विषय धरतात, एपीला (कॉलेजच्या पातळीच्या विषयांना) किती वेटेज (जास्तीचं वजन), बाहेरून आलेले ग्रेड कसे मोजतात आणि रँकसाठी तिथे किती सेमिस्टर शिकावं लागतं, ते सगळं त्यात असतं.
- जुन्या शाळेच्या ऑनर्स (वरच्या पातळीच्या) विषयांना नवीन शाळा वेटेज देईल का, ते काउन्सेलरकडून ईमेलवर लिहून घ्या. इथेच जास्त घोळ होतो: ट्रान्स्क्रिप्टवर 'ए' दिसतो, पण साध्या विषयाचा म्हणून मोजला जातो.
- 'डिस्टिंग्विश्ड लेव्हल'चा (हायस्कूल पूर्ण करण्याचा वरचा स्तर, थेट प्रवेशासाठी लागतो) प्लॅन पहिल्याच दिवशी ठरवा. त्यात अल्जिब्रा 2 लागतोच.

अकरावीत शाळा बदलू नका, तोवर रँक जवळजवळ ठरलेला असतो. आणि थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, हव्या त्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगसाठी निबंध आणि बाकीचा अर्जही तितकाच नीट करावा लागतो.