वसंतातले लग्न आणि कागदी बहावा

प्रश्न : आमच्या मुलीचे लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तासगावजवळच्या एका मंगल कार्यालयात आहे. सजावट वसंतातल्या फुलोऱ्याची असावी आणि ती शक्यतो घरीच करावी, असे आम्ही ठरवले आहे. मुलीने चेरीच्या गुलाबी बहराची बरीच छायाचित्रे जमवली आहेत. मी, माझ्या जावा आणि शेजारच्या मुली मिळून क्रेप कागदाची फुले करू शकू. परंतु नेमके काय आणि किती करावे, फांद्या कशाच्या घ्याव्यात, थर्मोकोल वापरावा का, हे ठरत नाही. कृपया मार्गदर्शन करावे. (एक वाचक, तासगाव)

उत्तर : आपल्या मुलीची कल्पना सुंदर आहे, आणि ती आपल्या भागातल्या झाडांवर बेतली तर अधिक खुलेल, असे मला मनापासून वाटते. चेरीचा बहर टोकियोत साधारणपणे मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी येतो. तासगावकडे येणाऱ्या आपल्या पाहुण्यांना मात्र त्या आठवड्यात वाटेवर बहावा फुललेला दिसण्याचा संभव मोठा आहे, आणि बाहेर पाहिलेले तेच झाड कार्यालयात शिरताच पुन्हा डोक्यावर झुलताना दिसले, तर सजावटीचा हेतू कोणालाही वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणून मुख्य फूल बहाव्याचे ठेवावे. गुलाबी रंग मुलीच्या मनात पक्का बसला असेल, तर कांचन घ्यावा, किंवा मुंबईत विक्रोळी-घाटकोपरच्या बाजूला द्रुतगती मार्गालगत फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारी वसंतराणी घ्यावी. पण तीन-चार जातींची सरमिसळ टाळावी. एकच झाड नीट पाहून केलेले काम उठून दिसते.

बहाव्याचा घोस एक ते दोन फूट लांब लोंबतो. त्याची फुले देठाकडून उमलत खाली जातात, त्यामुळे वर पूर्ण उमललेली फुले, मध्ये अर्धवट उमललेली आणि टोकाला हिरवट पिवळ्या गोल कळ्या, असा क्रम असतो. घरी केलेल्या घोसांत हा क्रम बहुतेक वेळा सुटतो आणि वरपासून खालपर्यंत सारखीच फुले बांधली जातात. मग तो घोस माळेसारखा दिसू लागतो. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या असतात आणि दहा पुंकेसरांपैकी तीन लांब व वर वळलेले असतात. हे तीन केसर बारीक तारेला पिवळी क्रेपची पट्टी गुंडाळून अवश्य करावेत, कारण फुलाची ओळख त्यांच्यावरच ठरते. बाकीचे सात जाड दोऱ्याचे केले तरी चालतात. कळ्यांसाठी कापसाच्या लहान गोळीवर क्रेपचा चौकोन ओढून मागे दोऱ्याने बांधावा.

क्रेप कागद निवडताना तो बोटांनी ताणून पाहावा. वाढदिवसाच्या झिरमिळ्यांसाठी मिळणारा पातळ कागद एकदा ताणला की सैल पडतो; फुलांसाठी खोल सुरकुत्यांचा जाड कागद हवा. पाकळी कापताना सुरकुत्यांच्या रेघा देठापासून टोकाकडे उभ्या याव्यात. नंतर पाकळीचा मधला भाग दोन्ही अंगठ्यांनी हलकेच बाहेरच्या दिशेने ताणला की तिला आपोआप खोलगट बाक येतो. रेघा आडव्या आल्या तर हा बाक येत नाही आणि पाकळी लांबट होऊन लुळी पडते. एका घोसाला सुमारे पंचवीस फुले धरली, तर वीस घोसांना पाचशे फुले आणि अडीच हजार पाकळ्या लागतील. म्हणून कागदाच्या सहा-आठ घड्या एकत्र कापाव्यात आणि कामाची वाटणी करावी. एकीने कापावे, दुसरीने पाकळ्यांना बाक द्यावा, तिसरीने केसर बांधावेत. सगळ्यांनी पूर्ण फूल करण्यापेक्षा हे जलद होते आणि फुलांत सारखेपणाही राहतो. तयार फुले सुतळीवर थोड्या थोड्या अंतराने, चहूबाजूंना तोंडे करून बांधावीत. जाड तारेवर घोस ताठ राहतो, सुतळीवर तो पंख्याच्या वाऱ्यानेही डुलतो.

फांद्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहात. एप्रिलमध्ये आपल्याकडे द्राक्षबागांची खरड छाटणी होते आणि बांधावर काड्यांचे ढीग पडतात. त्या काड्यांचे पेर आणि बाक इतके देखणे असतात की बाजारातल्या कृत्रिम फांद्यांवर खर्च करण्याचे कारणच उरत नाही. बागेत फवारण्या झालेल्या असतात, म्हणून काड्या हातमोजे घालून नीट धुवाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. वाळताना त्या आक्रसतात, त्यामुळे ओल्या काडीवर फुले बांधली तर गाठी नंतर सैल पडतात. बहावा या काड्यांवर शोभणार नाही, पण पळस शोभेल. पळस निष्पर्ण फांदीवरच फुलतो, आणि त्याची केशरी, चोचीसारखी वाकलेली पाकळी व गडद तपकिरी मखमली पेला दोन्ही करायला सोपे आहेत. पेल्यासाठी जुन्या मखमलीचे तुकडे वापरावेत. एप्रिलअखेर पळसाचा बहर सरलेला असतो, तरी होळीच्या दिवसांची आठवण म्हणून अशा पाच-सहा फांद्या रुखवताच्या मेजावर ठेवाव्यात. घरच्या हस्तकलेची खरी जागा रुखवतच आहे, आणि इतक्या जणींच्या हातचे काम पाहुण्यांनी जवळून पाहावे, असे मला वाटते.

आता दोन गोष्टी कटाक्षाने सांभाळाव्यात. पहिली अग्नीची: होमाजवळ, समईच्या वर किंवा तापणाऱ्या दिव्यांना टेकून एकही कागदी फूल नसावे. बोहल्याभोवती आंब्याचे डहाळे आणि ताजी फुलेच लावावीत. दुसरी पावसाची: एप्रिलच्या अखेरीस वळीव कोसळू शकतो आणि क्रेप कागदाचा रंग पाण्याने सुटतो. उघड्या अंगणात डोक्यावर टांगलेले केशरी फूल भिजले, तर खालच्या शालूवर डाग पडेल आणि तो सहजासहजी निघणार नाही. म्हणून कागदी काम पक्क्या छताखालीच राहू द्यावे. थर्मोकोलचा विचार सोडून द्यावा. सजावटीसाठी त्याच्या वापरावर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. अक्षरे आणि कमानींसाठी जाड पुठ्ठा व बांबूच्या कामट्या पुरेशा आहेत.

प्रश्न : मे महिन्यातल्या लग्नासाठी मोगऱ्याच्या माळा आदल्या दिवशी घरी करून ठेवता येतील का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येतील, मात्र फुले उमललेली न घेता घट्ट, पांढऱ्या, टपोऱ्या कळ्या घ्याव्यात, कारण मोगरा रात्रीतून उमलतो आणि उमललेले फूल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकत नाही. कळ्या गुंफल्यावर माळा ओलसर सुती कापडात सैल गुंडाळून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. कापड चांगले पिळून घ्यावे, पाणी साचले तर कळ्या तपकिरी पडतात. मुहूर्त सकाळचा असेल तर माळा दोन-तीन तास आधी बाहेर काढाव्यात, म्हणजे कळ्या कार्यालयात उमलू लागतील. दाराच्या तोरणासाठी मात्र मोगरा वापरू नये. मेच्या उन्हात तो तासाभरात मलूल होतो, तिथे आंब्याची पाने आणि झेंडू हेच योग्य.