विंडोजमध्ये चालणारा मॉनिटर उबुंटूवर 'नो सिग्नल' दाखवतो, काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन ग्राफिक्स चिप आहेत, एचडीएमआयला जोडलेला मॉनिटर विंडोजमध्ये व्यवस्थित चालतो, पण उबुंटू २४.०४ सुरू केल्यावर तोच मॉनिटर 'नो सिग्नल' दाखवतो आणि सेटिंग्जमध्ये फक्त लॅपटॉपचा स्वतःचा पडदा दिसतो. विंडोजमध्ये चित्र येते म्हणजे केबल, पोर्ट आणि मॉनिटर तिन्ही शाबूत आहेत, तेव्हा नव्या केबलवर पैसे घालवू नका. बहुधा एनव्हिडियाचा ड्रायव्हर सुरूच झालेला नसावा.

दोन चिप असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये आतला पडदा इंटेलच्या चिपला जोडलेला असतो, तर एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला. ही जोडणी मदरबोर्डवरच पक्की असल्यामुळे सेटिंग्जमध्ये कितीही शोधाशोध केली तरी ती बदलत नाही. एनव्हिडियाची चिप झोपलेली असेल, तर लॅपटॉपचा पडदा सुरळीत चालतो आणि एचडीएमआयवर मात्र काहीच उमटत नाही. तुमचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते.

अंदाजावर न थांबता हे तपासून पाहता येते. (पुढील कमांड आणि फोल्डरची नावे टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी छोट्या लिपीत टंकावी लागतील; यादीत मोठी अक्षरे दिसतील तिथे ती तशीच ठेवावीत.) '/सिस/क्लास/डीआरएम' या फोल्डरची यादी 'एलएस' कमांडने पाहा. तिथे 'कार्ड१-ईडीपी-१' अशा धर्तीची नावे दिसतील. त्यातले 'ईडीपी' म्हणजे लॅपटॉपचा आतला पडदा. 'एचडीएमआय' असलेले नाव दिसले आणि त्याच्या कार्डाचा क्रमांक ईडीपीच्या कार्डापेक्षा वेगळा असला, तर पोर्ट दुसऱ्या चिपवर आहे हे सिद्ध झाले. त्या कार्डाच्या 'डिव्हाइस' फोल्डरमधील 'व्हेंडर' ही फाइल 'कॅट'ने उघडल्यास आत ८०८६ असेल तर चिप इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची. एचडीएमआयचे नावच यादीत नसेल, तर त्या चिपचा ड्रायव्हर चढलेलाच नाही, असे समजण्यास हरकत नाही. नाव असेल, तर त्याच्या 'स्टेटस' फाइलमध्ये 'कनेक्टेड' आहे की 'डिस्कनेक्टेड' तेही पाहून घ्या, कारण तिथे 'कनेक्टेड' लिहिलेले असूनही चित्र येत नसेल तर दोष ड्रायव्हरच्या पुढे, म्हणजे डेस्कटॉपच्या मांडणीत, शोधावा लागतो.

ड्रायव्हर कोणता वापरात आहे हे 'एलएसपीसीआय -के' सांगते. एनव्हिडियाच्या नोंदीखाली 'नूव्हो' (एनव्हिडिया चिपसाठीचा मुक्त-स्रोत ड्रायव्हर) दिसले किंवा 'ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नसली, तर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' चालवून यंत्र पुन्हा सुरू करावे. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली '.रन' फाइल वापरण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो मानू नका. त्या मार्गाने बसवलेला ड्रायव्हर उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेबाहेर राहतो आणि कर्नल (उबुंटूचा गाभा) बदलला की पुन्हा अंधार होण्याची शक्यता असते.

ड्रायव्हर बसवूनही तो चढत नसेल, तर सिक्युअर बूटकडे, म्हणजे स्वाक्षरी नसलेले सॉफ्टवेअर यंत्र सुरू होताना रोखणाऱ्या सोयीकडे, वळावे. 'एमओकेयूटिल --एसबी-स्टेट' ही कमांड ते चालू आहे का ते सांगते. ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग म्हणजे मॉड्यूल. उबुंटूचे तयार, स्वाक्षरी केलेले मॉड्यूल आले तर काही अडचण येत नाही, परंतु मॉड्यूल डीकेएमएसमार्फत (कर्नलनुसार मॉड्यूल बांधून देणारे साधन) तुमच्याच यंत्रावर बांधले गेले असेल तर त्याच्या स्वाक्षरीची किल्ली (एमओके) एकदा नोंदवावी लागते. त्यासाठी ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात तर संधी हुकते आणि सर्व काही ठीक झाल्यासारखे दिसूनही मॉड्यूल नाकारले जाते. तसे झाल्यास 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' चालवून ती पायरी पुन्हा मागवता येते.

आणखी एक जागा तपासावी: कोणती चिप निवडलेली आहे हे सांगणारी 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' ही कमांड. उत्तर 'इंटेल' आले तर बॅटरी वाचवण्यासाठी एनव्हिडियाची चिप बंद ठेवलेली आहे, आणि तिच्याबरोबर एचडीएमआयही. 'सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड' करून पुन्हा बूट करा.

तोवर काम अडले असेल, तर लॅपटॉपचे यूएसबी-सी पोर्ट वापरून पाहण्याजोगे आहे. काही लॅपटॉपमध्ये ते इंटेलच्या चिपला जोडलेले असते, त्यामुळे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरविनाही चित्र येते. अट एवढीच की त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याची सोय, असावा. केवळ चार्जिंग आणि डेटासाठी असलेल्या पोर्टवर कितीही महाग केबल लावली तरी उपयोग नाही. डिस्प्लेलिंक तंत्राचा (यूएसबीच्या डेटामार्गे चित्र पाठवणारा) डॉक मात्र घाईने विकत घेऊ नका, कारण त्याला पुन्हा ईव्हीडीआय नावाचे वेगळे मॉड्यूल लागते आणि सिक्युअर बूटचा तोच प्रश्न तिथेही उभा राहू शकतो.

चित्र आल्यानंतर फोरके मॉनिटरवर माऊस अडखळत हलत असेल, तर सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट पाहा. तिथे ३० हर्ट्झच मिळत असेल तर लॅपटॉपचे पोर्ट बहुधा एचडीएमआय १.४ चे आहे. फोरकेला ६० हर्ट्झ मिळण्यासाठी पोर्ट निदान २.० चे लागते. अशा वेळी मॉनिटर डिस्प्लेपोर्टने किंवा यूएसबी-सीने जोडावा, अन्यथा रिझोल्यूशन १४४० किंवा १०८० वर आणावे.