सहीच्या आधीचा सल्ला

ज्येष्ठांचा कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ७२, पती हयात नाहीत. तीन वर्षांपूर्वी राहता फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने दिला. आता तो औषधपाण्याला पैसे देत नाही, वर 'घर माझं आहे' असं ऐकवतो. फ्लॅट परत मिळेल का?

आधी बक्षीसपत्र काढून नीट वाचा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत घेतली आणि पुढे सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करून घेता येतो. घोडं अडतं ते अटीपाशी. छापील नमुन्यात 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' एवढंच असतं. अट होती हे दाखवावं लागेल, ती गृहीत धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावला, 'सांभाळीन' असं मुलाने वेगळं लिहून दिलेलं वचनपत्रही विचारात घेतलं आणि आईला मिळकत परत मिळवून दिली. त्यामुळे बक्षीसपत्रात अट नसली तरी त्या सुमारास मुलाने लिहून दिलेलं काही आहे का ते शोधा. चिठ्ठी, मोबाइलवरचा मेसेज, काहीही.

अर्ज प्रांत कचेरीत करायचा. उपविभागीय अधिकारी तिथे न्यायाधिकरण म्हणून बसतात. सोबत बक्षीसपत्राची प्रत, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), वयाचा पुरावा, औषधांची बिलं आणि मुलाचे पैसे कधी बंद झाले ते दाखवणारं पासबुक जोडा. त्याच अर्जात निर्वाहभत्ताही मागा. कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. मधे 'आई, अर्ज मागे घे, बघतो मी' असा निरोप येईल. तडजोड करायची तर न्यायाधिकरणापुढे लेखीच करा. सून त्याच घरात राहत असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा तिचा राहण्याचा हक्क या कायद्याने आपोआप संपत नाही, हेही ध्यानात ठेवा.

ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी : महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, म्हणून घाई होते. मृत्युपत्राला तेवढंही लागत नाही आणि ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं.

प्रश्न : आईने पाच वर्षांपूर्वी माझ्या नावे मुखत्यारपत्र केलं. आता तिला विस्मृतीचा आजार आहे. ते चालेल का?

आईची समजून निर्णय घेण्याची क्षमता गेली असेल तर नाही. आपल्याकडे मुखत्यारपत्र तिथेच संपतं. नेमकी गरज लागते तेव्हाच ते कुचकामी ठरतं, ही कायद्यातली मोठी उणीव आहे. मग पालक म्हणून नेमणूक व्हावी यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आजार सुरुवातीचा असेल आणि आईला व्यवहार समजत असेल, तर मृत्युपत्र आत्ताच करून घ्या. दोन साक्षीदार हवेतच. डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या. तिला दिवस, जागा, माणसं आणि आपली मिळकत कळते, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. 'प्रकृती ठीक' एवढ्यावर उलटतपासणीत निभाव लागत नाही.

प्रश्न : नुकतीच सनद मिळाली आहे. फक्त ज्येष्ठांची कामं करून वकिली चालेल का?

केवळ न्यायाधिकरणाच्या भरवशावर नाही. २००७ च्या त्याच कायद्यातलं कलम १७ वकिलांना तिथे मज्जाव करतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो अमान्य केला, तरी हे अर्ज मुळात वकिलाविना चालावेत अशीच कायद्याची रचना आहे. खरं काम सहीच्या आधी असतं : मृत्युपत्रं, अटींसह बक्षीसपत्रं, नामनिर्देशन आणि वारसा यांचा मेळ. फी बहुधा मुलगा देतो, पण अशील आई असते. तेव्हा मुलाला बाहेर बसवा, दार लावून घ्या आणि 'या कागदाने काय होणार?' ते आईला तिच्या शब्दांत सांगू द्या. 'मुलाला विचारा' असं उत्तर आलं, तर त्या दिवशी सही घेऊ नका. सुरुवातीला गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. मानधन थोडं, पण प्रकरणं भरपूर मिळतात.