कमिटी हिशोब देत नसेल तर मेंटेनन्स बंद करावा का?

तुम्ही विचारलंय की कमिटी दोन वर्षं हिशोब दाखवत नाही, गच्ची गळते, तर दहा-बारा सभासदांनी मिळून मेंटेनन्स देणं बंद करावं का, आणि अशी कमिटी बरखास्त करता येते का.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही. एक महिनाही थांबवू नका. थांबवला असेल तर उद्या सकाळी भरा. आम्ही चौदा महिने थांबवला होता.

आमची इमारत डोंबिवली पूर्वेला. २८ फ्लॅट, चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. २०१३ साली कमिटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि पुढच्याच पावसाळ्यात आमच्या आतल्या खोलीत स्लॅब पाझरायला लागला. त्या खोलीत सासूबाई झोपायच्या. पलंग आधी खिडकीकडे सरकवला, मग दाराकडे, शेवटी जुलैत त्यांना हॉलमध्ये आणलं. रात्री बादलीत थेंब पडायचा आवाज नको म्हणून मी बादलीत जुना टॉवेल घालून ठेवायचे. एका रात्री प्लास्टरचा मोठा पोपडा त्यांच्या रिकाम्या पलंगावर पडला. सकाळी तो बघून त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पलंगावरची चादर काढून धुवायला टाकली.

चेअरमनकडे आमचे मिस्टर किती वेळा गेले त्याची गणती नाही. प्रत्येक वेळी तोंडी. प्रत्येक वेळी ‘बघतो, ठेकेदाराला बोलावतो.’

त्या वर्षी गणपतीत माझे मोठे दीर आले. त्यांचा स्वतःचा बंगला आहे, सोसायटी म्हणजे काय हे त्यांनी कधी अनुभवलेलं नाही. त्यांनी पंगतीत बसून सांगितलं, ‘पैसे अडवा. पैसे अडले की कमिटी नाक घासत येते.’ मी तेव्हाच म्हटलं होतं की भाऊजी, मेंटेनन्स हा चेअरमनच्या खिशातला पैसा नाही, आपल्याच पाण्याच्या पंपाचा आहे. पण घरात मोठ्या भावाचं ऐकायची रीत. चौथ्या मजल्याची चार आणि तिसऱ्यावरची पाच, अशी नऊ घरं मिळाली आणि एप्रिल २०१५ पासून आम्ही मेंटेनन्स बंद केला.

पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण तुमच्याकडेही हेच होणार.

पहिल्या तीन महिन्यांत काहीच झालं नाही आणि सगळ्यांना वाटलं आपण जिंकतोय. मग वॉचमनचा पगार थकला. दिवाळीच्या आधी तो माझ्याकडे येऊन उभा राहिला, ‘ताई, दोन महिने झाले.’ त्याला काय सांगणार? चेअरमनच्या घरात अंधार नव्हता. त्यांच्या घरी पाणीही येत होतं. झळ बसली ती त्या माणसाला. आणि गच्चीचं विचारलं की चेअरमनना आता आयतं उत्तर मिळालं: नऊ फ्लॅट पैसेच देत नाहीत, दुरुस्ती कशातून करू? सर्वसाधारण सभेत बाकीच्या एकोणीस घरांनी माना डोलावल्या. काल आमच्या बाजूने बोलणारे लोक आम्हाला फुकटे म्हणायला लागले.

नोव्हेंबरात रजिस्टर पोस्टाने नोटिसा आल्या. आम्ही त्या कपाटात ठेवल्या. त्या नोटिसा कशासाठी होत्या ते जून २०१६ मध्ये कळलं, जेव्हा निवडणूक लागली. नऊपैकी सात जणांनी अर्ज भरले. पॅनेल ठरलं, बैठका झाल्या, आमच्या मिस्टरांनी कामांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून काढली. छाननीच्या दिवशी निवडणूक अधिकाऱ्यांनी सातही अर्ज बाद केले. बिल किंवा नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत देणं भरलं नाही तर सभासद थकबाकीदार ठरतो आणि कमिटीवर निवडून यायला अपात्र होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातच आहे (खाली दिलेली कलमं याच कायद्याची). अधिकाऱ्यांचा काही दोष नव्हता. जुनी कमिटी बिनविरोध, आणखी पाच वर्षं.

त्याच संध्याकाळी मी हिशोब मांडला. महिना १,८०० प्रमाणे चौदा महिन्यांचे २५,२०० रुपये, आणि वर २१ टक्के दराने सरळव्याज ३,३०७. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, सभा तेव्हा जास्तीत जास्त तेवढा दर लावू शकत होती आणि आमच्या सभेने तो लावला होता. आम्ही हात वर करून. दुसऱ्या दिवशी चेक दिला. तसं केलं नसतं तर पुढची पायरी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला, म्हणजे बाकी वसूल करायचा आदेश, पूर्वी कलम १०१ खाली, आता गृहनिर्माण संस्थांसाठी १५४ब-२९ खाली. त्यावर जप्तीपर्यंत जाता येतं.

भाऊजी अजूनही म्हणतात की आम्ही मध्येच कच खाल्ली, आणखी सहा महिने ताणायला हवं होतं. आणखी सहा महिन्यांत फक्त व्याज वाढलं असतं.

मग मी हातात घेतलं. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, आवक-जावक रजिस्टर वीस वर्षं माझ्याकडे. फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव मिस्टरांचं, म्हणून अर्ज मी लिहायचा आणि सही त्यांची. मेंटेनन्स दर महिन्याला वेळेवर चेकने, आणि सोबत एक ओळीचं पत्र की रक्कम हरकत नोंदवून, हक्क राखून भरत आहोत. तुम्हीही हेच करा. निषेध नोंदवायचाय ना, तो असा नोंदवता येतो आणि तुम्ही थकबाकीदारही होत नाही.

पहिला अर्ज तेव्हा लागू असलेल्या कलम ३२ खाली कागदपत्रं बघण्याचा. सेक्रेटरींनी पोच द्यायला नकार दिला, तर तोच अर्ज पोस्टाने पाठवला. (आता रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.) एक चूक माझ्याकडून झाली, मी सगळी व्हाउचर्स मागितली. त्या कलमात ती येत नाहीत, आणि तेवढ्यावरून त्यांनी सगळाच अर्ज फेटाळला. दुसऱ्या अर्जात नेमकं मागितलं: लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभा आणि कमिटी सभा या दोन्हींची इतिवृत्तं. हे नाकारता येत नाही.

इतिवृत्तात सापडलं. २०१३ चं वॉटरप्रूफिंग ३,८०,००० रुपयांचं. आमच्या उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला न विचारता कमिटी एका वेळी ५०,००० पर्यंतच खर्च करू शकते. सभेचा ठराव नाही, निविदा नाहीत. कमिटीच्या बैठकीत ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली दोन ओळी, एवढंच. मी ते पान वहीत उतरवून घेतलं तेव्हा हात थरथरत होता.

त्यानंतर कलम ७६. एकपंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर कमिटीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. २८ मध्ये सहा सह्या पुरे होत्या, आम्हाला अकरा मिळाल्या, कारण आता आमच्यापैकी कुणाचीही बाकी नव्हती आणि ‘आधी पैसे भरा’ हे कुणी तोंडावर फेकू शकत नव्हतं. नोव्हेंबर २०१७ च्या त्या सभेत मी इतिवृत्तातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. चेअरमन उत्तर देऊ शकले नाहीत. तीन कोटेशन मागवायचा ठराव झाला आणि २०१८ च्या पावसाळ्याआधी गच्ची नव्याने झाली, ५,०४,००० रुपयांत, प्रत्येक घराला १८,०००. सासूबाई परत त्यांच्या खोलीत गेल्या.

जुने ३,८०,००० परत आले नाहीत. कलम ८३ खाली चौकशी आणि ८८ खाली जबाबदारी निश्चित करून वसुली होऊ शकते, पण त्यासाठी वर्षानुवर्षं फेऱ्या मारायची ताकद आमच्यात उरली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

बरखास्तीबद्दल: उपनिबंधक ७८अ खाली कमिटी काढू शकतात, पण त्याआधी नोटीस, म्हणणं, सुनावणी हे सगळं होतं, आणि मग बाहेरचा माणूसही कारभार बघायला येऊ शकतो. त्यापेक्षा आधी हे बघा की वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत झाली का, आणि तिथे हिशोब ठेवले का. नसतील तर कलम ७५ खाली जबाबदार पदाधिकाऱ्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. दोन वर्षं हिशोब नाही म्हणताय, म्हणजे तुमच्याकडे हे हत्यार आधीच आहे.

एक गोष्ट राहिली. हे सगळं सहकारी गृहनिर्माण संस्थेला लागू आहे. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली असेल, म्हणजे खरेदीच्या कागदांत डीड ऑफ डिक्लरेशन असेल, पुण्यात असं बरंच आहे, तर वर दिलेली कलमं तुमच्या कामाची नाहीत आणि वेगळं बघावं लागेल. कागद काढून आधी ते तपासा.

आणि तुमच्या दहा-बारा जणांपैकी आजच्या तारखेला कुणाकुणाची बाकी आहे, कुणाला बिल किंवा नोटीस आलीय, त्याची तारीख काय, हे एका कागदावर लिहून काढा. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे. कमिटीची मुदत कधी संपते तेही त्याच कागदावर लिहा.