परफॉर्मन्स आर्ट म्हणजे कलाकार स्वतःच्या शरीराने प्रेक्षकांसमोर करतो ती कृती हीच कलाकृती. त्यात ना गोष्ट, ना संवाद. मग तासन्‌तास पाहायचं तरी काय?

हाच प्रश्न डोक्यात घेऊन मी जुलै २००९ मध्ये मँचेस्टरच्या व्हिटवर्थ आर्ट गॅलरीत शिरलो होतो. तेव्हा नोकरीनिमित्त तिकडे होतो. मँचेस्टर इंटरनॅशनल फेस्टिव्हल एक वर्षाआड उन्हाळ्यात भरतो. त्या वर्षी व्हिटवर्थने दालनं रिकामी करून परफॉर्मन्स आर्टमधल्या नामवंत कलाकार मरिना अब्रामोविच यांच्या हाती सोपवली होती. प्रेक्षकांना अट एकच: आलात तर चार तास थांबायचं.

आत गेल्यावर सगळ्यांना प्रयोगशाळेतले असतात तसे पांढरे कोट घालायला दिले. पहिला तासभर कलाकृती नाहीच, तयारी आमचीच! अब्रामोविच स्वतः सांगत होत्या आणि आम्ही करत होतो. पेलाभर पाणी अगदी सावकाश प्यायचं, पाऊल इंच-इंच पुढे टाकायचं, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघत राहायचं. पाण्याचा एक घोट तोंडात किती वेळ राहू शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग आम्हाला दालनांत सोडलं. जिन्यावर किरा ओरायली ही आयरिश कलाकार विवस्त्र अवस्थेत खाली कोसळत होती, पण इतकी संथ, की पडणं दिसतच नव्हतं. मी निघून गेलो, बऱ्याच वेळाने परत आलो, तर ती काही पायऱ्या खाली आलेली. आता हात कुठे टेकेल, मान कशी वळेल, याकडे माझं सगळं लक्ष. थेट आत गेलो असतो तर दोन मिनिटांत कंटाळून बाहेर पडलो असतो. मला वाटतं, त्या एका तासानेच मला पाहायला शिकवलं.

मी कोकणातला, रात्रभर दशावतार पाहत वाढलेला. तिथे गोष्ट आधीच पाठ असते, तरी आपण पहाटेपर्यंत बसतोच ना? नट ती कशी पेलतो, ते पाहायला. इथे गोष्टही काढून घेतली आहे आणि उरलंय ते पेलणं.

याच कार्यक्रमात निखिल चोप्रा हे भारतीय परफॉर्मन्स कलाकारही होते, 'योगराज चित्रकार' या आपल्या पात्राच्या रूपात. चित्रकार आजोबांवरून त्यांनी हे पात्र घडवलंय. वेषांतर करून तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस कोळशाने चित्र काढत राहणं ही त्यांची पद्धत. ते गोव्यात राहतात आणि २०१४ मध्ये काही सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तिथेच 'एचएच आर्ट स्पेसेस' हे कलाकारांनीच चालवलेलं कलाकेंद्र सुरू केलं. त्यांचा प्रयोग कुठे असेल तर जरूर जा, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम ठेवू नका.